कोठीवर कोण बसणार?

एखादी वस्तू मोडली नाही, झिजली नाही, तिचा एक स्क्रूसुद्धा ढिला झाला नाही, तरी ती अमक्या दिवशी बंद पडणार म्हणजे पडणारच, असं कुणी तुम्हाला छातीठोकपणे सांगितलं तर तुम्ही काय म्हणाल? सातवीतली त्रिशला मगदूम "काहीतरीच" म्हणाली आणि दार लावायला निघाली.

पण दारात उभा होता तो माणूस नव्हता. तो 'सर्वसाथी' कंपनीचा यंत्रमानव होता, आणि यंत्रमानवाच्या तोंडावर दार आपटलं तरी त्याला त्याचं काही वाटत नाही. मिरजेच्या गल्ल्यांतून तेव्हा असे 'सेवक' दिवसभर फिरायचे. कमरेएवढी उंची, खाली तीन चाकं, छातीवर एक पडदा, आणि बोलणं इतकं गोड की ऐकणाऱ्याला मधुमेह व्हावा. तो वाकून म्हणाला की या घरातल्या संगणकावरची सर्वसाथी ही ऑपरेटिंग सिस्टीम (संगणकाचा सगळा कारभार पाहणारी प्रणाली) कालबाह्य झाली आहे आणि पाडव्यापासून ती चालणार नाही. नवी सर्वसाथी या जुन्या संगणकावर बसत नाही. तेव्हा नवा संगणक घ्यावा, करारावर अंगठा उमटवावा आणि निश्चिंत व्हावं.

त्रिशलाने विचारलं, आमच्या संगणकाला झालंय तरी काय? सेवक म्हणाला, काही नाही, तो उत्तम आहे. मग बंद का पडणार? कारण तो कालबाह्य आहे. कालबाह्य कशावरून? कारण तो पाडव्यापासून बंद पडणार आहे. असं दोनतीनदा गोल फिरल्यावर त्रिशलाचं डोकंच फिरलं. आत संगणक दिमाखात सुरू होता आणि हा पठ्ठ्या त्याच्या मरणाची तारीख सांगत होता.

दुसऱ्या कुणाच्या घरी असतं तर लोक थोडे कुरकुरले असते आणि नवा संगणक घेऊन मोकळे झाले असते. मगदुमांच्या घरात मात्र गोष्ट जिवावरची होती, कारण त्या संगणकातून आप्पा बोलायचे.

आप्पा म्हणजे डॉ. भूपाल मगदूम, त्रिशलाचे आजोबा. ध्वनिशास्त्रज्ञ. तंबोऱ्याच्या भोपळ्यात स्वर कसा घुमतो, हे शोधण्यात त्यांची उभी हयात गेली होती. मग त्यांना गळ्याचा कर्करोग झाला आणि डॉक्टरांना त्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. पण आप्पा कसले ऐकतात! शस्त्रक्रियेच्या आधी त्यांनी महिनाभर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला, आणि नंतर हळूहळू 'वाचा' नावाचा प्रोग्रॅम स्वतःच लिहिला. आप्पा कळफलकावर टाइप करायचे आणि संगणक बोलायचा तो अगदी आप्पांच्याच आवाजात, तोच किंचित घोगरा सूर, तोच 'की' लावायचा सांगलीकडचा हेल. पहिल्यांदा तो आवाज घरात उमटला तेव्हा त्रिशलाची आई, सुजाता, चुलीवरचं दूध विसरून रडत बसली होती.

त्याआधीचे महिने आई कधीच विसरली नव्हती. तेव्हा आप्पा पाटीवर लिहायचे, आणि पाटी पुसेपर्यंत त्यांच्या मनातली पुढची गोष्ट विझून जायची. म्हणून सेवकाचं ऐकल्यावर ती सरळ म्हणाली, की आपण अंगठा देऊन टाकू.

आप्पांनी आधी करार वाचायला मागितला. बारीक अक्षरांत एक कलम होतं. नवी सर्वसाथी घरी लिहिलेले प्रोग्रॅम चालू देत नाही, त्यामुळे 'वाचा' बंद. त्याऐवजी आप्पांचा मुद्रित आवाज कंपनीच्या दूरच्या संगणकांवर ठेवायचा, तिथूनच तो घरी बोलणार, आणि त्या आवाजाचा 'योग्य तो वापर' करायचा अधिकार कंपनीला राहणार. त्रिशलाने सेवकाला विचारलं, म्हणजे उद्या आमचे आप्पा कुठल्याशा जाहिरातीत साबण विकतील का? सेवक अत्यंत नम्रपणे म्हणाला, "शक्यता नाकारता येत नाही."

आप्पांची बोटं कळफलकावर ताडताड चालली. "माझा आवाज मी कुणाकडून भाड्यानं घेणार नाही. मुका बसेन, पण हे नाही."

"तत्त्व तुमचं, आप्पा," आई म्हणाली, "आणि ती शांतता माझ्या वाट्याला." एवढं बोलून ती आत निघून गेली. सेवक पाडव्याच्या आदल्या दिवशी पुन्हा येतो म्हणून गेला.

आता आप्पांची एक खोड तुम्हाला सांगायला हवी, कारण पुढे सगळं घोडं तिथेच अडणार आहे. आप्पांना वस्तूंवर नाव घालायचं वेड होतं. तुमच्याही घरी ताट-वाट्यांवर नावं कोरलेली असतील. मगदुमांच्या गल्लीत जैन मंदिर होतं आणि तिथल्या पूजेच्या जेवणाला घरोघरची भांडी जायची. परत येताना कुणाचं पातेलं कुणाकडे जाईल याचा नेम नसायचा, म्हणून सगळेच नावं घालून घ्यायचे. पण आप्पांनी नाव घालायचं यंत्रच विकत आणलं होतं. ते कर्रर्र करत धातूवर अक्षरं कोरायचं आणि आप्पा समोर येईल त्या वस्तूवर 'भू. आ. मगदूम, मिरज' असं घालून ठेवायचे. पेल्यावर, कुलपावर, सायकलच्या घंटीवर, संगणकाच्या पत्र्यावर. एकदा तर त्यांनी पाहुण्यांच्या डब्यावर नाव घातलं होतं.

संध्याकाळी त्रिशला आप्पांजवळ येऊन बसली. तिला एकच गोष्ट कळत नव्हती. संगणक आपला, त्यावर नाव आपलं, मग त्याला बंद करणारी ती कंपनी कोण?

आप्पांनी उत्तर द्यायच्या आधी उलट तिलाच विचारलं, की पूजेच्या जेवणात तुझी आई काय करते?

त्रिशलाला हसू आलं. आई काय करते हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. आई कोठीवर बसायची. कोठी म्हणजे सगळं सामान ठेवलेली खोली. गहू, गूळ, तूप, डाळ, पातेली, झारे, सगळं तिथे. आचारी कितीही मोठा असो, त्याने कोठीत पाय टाकायचा नाही. दारात उभं राहून मागायचं. खीर करणारा गूळ मागणार, आमटीवाला डाळ मागणार, आणि कुणाला काय, किती, कधी द्यायचं हे आई ठरवणार. चुलीसुद्धा आईच वाटून द्यायची. आधी खिरीचं पातेलं, ते उतरलं की भात. आणि एकाने दुसऱ्याच्या पातेल्यात डाव घातला तर त्याची खैर नसायची.

"झालं की मग," आप्पा म्हणाले. "तुझी आई म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम."

मग त्यांनी एकेक गोष्ट उलगडून सांगितली. संगणकाची यंत्रसामग्री म्हणजे कोठी आणि चुली. प्रोसेसर (हिशेब करणारा मुख्य भाग) ही चूल. मेमरी (काम चालू असेपर्यंत माहिती ठेवायची तात्पुरती जागा) हा ओटा, ज्यावर प्रत्येक आचाऱ्याला थोडी थोडी जागा मिळते. डिस्क (माहिती कायमची साठवायची जागा) हे कोठीतलं फडताळ. आणि प्रोग्रॅम म्हणजे आचारी. चित्र काढायचा प्रोग्रॅम, पत्र लिहायचा, खेळाचा, आणि आप्पांचा 'वाचा'. यातला एकही आचारी स्वतः होऊन चुलीला हात लावत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टीमकडे मागतो. मला जरा चूल दे, मला ओट्यावर जागा दे, हा आवाज स्पीकरकडे पोचव. ऑपरेटिंग सिस्टीम चूल कधी याला देते, कधी त्याला, आणि हे एका सेकंदात इतक्या वेळा करते की आपल्याला वाटतं सगळे पदार्थ एकदमच शिजताहेत.

त्रिशलाला एक शंका आली. मग एका ऑपरेटिंग सिस्टीमवरचा प्रोग्रॅम दुसरीवर का चालत नाही? तिचा 'अंतराळ कबड्डी' खेळ फक्त सर्वसाथीवर चालायचा.

कारण मागायची रीत वेगळी, आप्पांनी सांगितलं. आपल्या गल्लीतला आचारी बेळगावकडच्या जेवणाला गेला तर तिथली मापं वेगळी, हाका मारायची पद्धत वेगळी. तो जुन्याच सवयीने मागत राहिला तर कोठीवरचा माणूस त्याच्याकडे नुसता बघत बसेल. आचाऱ्याला नवी रीत शिकवावी लागते. प्रोग्रॅमला ती शिकवायची तर त्याचा सोर्स कोड (माणसाने लिहिलेला, वाचता आणि बदलता येणारा मूळ मजकूर) हाताशी हवा. खेळाचा सोर्स कोड कंपनीने कुलपात ठेवला होता. 'वाचा'चा मात्र आप्पांकडे होता, कारण तो त्यांनीच लिहिला होता.

"म्हणजे आपल्या कोठीवर कंपनीचा माणूस बसलाय," त्रिशला म्हणाली. तिचे कान तापले होते. "घर आपलं, चुली आपल्या, गूळ आपला, आणि तो म्हणतो पाडव्यापासून मी दारच उघडणार नाही."

आप्पांनी मान डोलावली. सर्वसाथी दर आठवड्याला इंटरनेटवरून कंपनीला विचारायची, की अजून चालू राहू ना? पाडव्यापासून कंपनी नाही म्हणणार होती. कोड्याचं उत्तर एवढंच होतं. संगणकाला काही होणार नव्हतं, त्याच्या कोठीवरचा माणूस उठून जाणार होता.

"मग आपण दुसरा माणूस बसवू," त्रिशला म्हणाली.

आता तुम्हाला वाटेल, बसवला आणि झालं. तसं नसतं बरं. जगात तेव्हा 'अंगण' नावाची एक मोकळी ऑपरेटिंग सिस्टीम होती. ती कुठल्याही एका कंपनीची नव्हती. देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलेली, सोर्स कोड सगळ्यांना उघडा, वाटेल त्याने वाचावा, दुरुस्त करावा, दुसऱ्याला द्यावा. जुन्या संगणकावरही ती सुखाने चालायची. पण तिच्यावर अंतराळ कबड्डी चालत नव्हती, आणि त्रिशला त्यात गल्लीत पहिली होती. आईला कामाचं पत्रलेखनही नव्याने शिकावं लागणार होतं. काही बिघडलं तर गोड बोलणारा सेवक येणार नव्हता, स्वतःच डोकं चालवायचं. आप्पांनी हे सगळं तिला आधीच स्पष्ट सांगितलं. आणि निवड करताना नुसता राग पुरत नाही, आपल्याला संगणकाकडून नेमकं काय हवंय ते आधी ठरवावं लागतं, असंही सांगितलं.

त्रिशलाने फार विचार केला नाही. तिला आप्पांचा आवाज हवा होता. कबड्डी गेली खड्ड्यात.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर कामाला सुरुवात झाली. आप्पा जुन्या वळणाचे शास्त्रज्ञ, त्यामुळे प्रत्येक पायरी तपासून. आधी बॅकअप (माहितीची वेगळी सुरक्षित प्रत). मुद्रित आवाज आणि 'वाचा'चा सोर्स कोड एका सुट्या डिस्कवर उतरवला आणि ती डिस्क आईच्या कपाटात ठेवली. मग अंगण एका पेन ड्राइव्हवर घेतली. गंमत अशी, की अंगण संगणकावर कायमची न बसवता नुसत्या पेन ड्राइव्हवरूनही चालवून बघता यायची. जुन्या सर्वसाथीला धक्का न लावता. नवा माणूस एक दिवस कोठीवर बसवून बघायचा, जमला तर ठेवायचा, नाहीतर पेन ड्राइव्ह काढून संगणक परत सुरू केला की जुना माणूस जागेवर.

अंगण सुरू झाली. पडदा दिसला, कळफलक चालला, इंटरनेट आलं. आप्पांनी बरेच दिवस खपून 'वाचा'ला नवी रीत शिकवली. म्हणजे सोर्स कोडमध्ये जिथे जिथे सर्वसाथीकडे मागणी होती, तिथे तिथे अंगणच्या पद्धतीने मागायला लावलं. पाडवा दोन दिवसांवर आला तेव्हा ते तयार झालं. आई हात पुसत येऊन उभी राहिली. आप्पांनी टाइप केलं, 'सुजाता, ऐकू येतंय का?'

काही आलं नाही. आप्पांनी परत टाइप केलं. स्पीकरमधून साधी खरखरसुद्धा नाही. आप्पा पडद्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी सवयीने हात पुढे केला, तेव्हा त्रिशलाच्या लक्षात आलं की ते पाटी शोधताहेत.

आईने पाटी आणून दिली. आप्पांनी लिहिलं, 'ड्रायव्हर नाही.'

ड्रायव्हर म्हणजे एखाद्या सुट्या भागाशी कसं बोलायचं हे ऑपरेटिंग सिस्टीमला सांगणारा छोटा प्रोग्रॅम. आईला खिरीच्या मोठ्या चुलीचा भडका कसा आवरायचा हे कुणीतरी एकदा दाखवलेलं असतं ना, तसंच. आप्पांच्या संगणकातलं साउंड कार्ड (आवाज तयार करणारा भाग) जुनं आणि जरा वेगळ्या बनावटीचं होतं. अंगण त्याला ओळखत नव्हती. अंगणकडे शेकडो साउंड कार्डांचे ड्रायव्हर होते, पण कुठला लावायचा ते समजायला कार्डाचा क्रमांक हवा होता. बाजारातून नवं कार्ड आणावं, तर नवी कार्डं सगळी सर्वसाथीच्या परवानगीशिवाय चालायचीच नाहीत. कंपनीने तेवढी काळजी घेतली होती.

"क्रमांक कार्डावरच असेल की," त्रिशला म्हणाली. तिने संगणक बंद केला, वायर काढली आणि पेटी उघडली. कार्डावर एक चकचकीत पत्र्याचं झाकण होतं. क्रमांक त्याच झाकणावर छापलेला होता, म्हणजे कधीकाळी होता. आता तिथे सुबक अक्षरांत कोरलेलं होतं, 'भू. आ. मगदूम, मिरज'. छापलेल्या आकड्यांचा पार चुरा झाला होता.

त्रिशलाने आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी छताकडे पाहिलं. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण त्या क्षणी अगदी खिडकीची काच फोडलेल्या पोरासारखा दिसत होता. भिंग आणलं, दिवा तिरका धरला, शिसपेन्सिल घासून बघितली. आकडे काही वर आले नाहीत. आप्पांनी आवाजाच्या लहरींचा आयुष्यभर अभ्यास केला होता, प्रोग्रॅमही लिहिले होते, पण ड्रायव्हरच्या वाटेला ते कधी गेले नव्हते. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'माझीच चूक.' आणि मग ती पाटी पुसलीच नाही.

दुसऱ्या दिवशी संगणक अंगणवर चालू करून दोघं नुसतीच बसली होती, आणि ठरल्याप्रमाणे सेवक आला. आईने दार उघडलं. सेवकाच्या पाठीवरच्या नावाच्या पाटीवर गल्लीतल्या पोरांनी सर्कशीच्या जाहिराती चिकटवल्या होत्या, त्यामुळे हा मागचाच सेवक की दुसरा, ते कळेना. आईने विचारलं, कोण? तो म्हणाला, "सेवक, मिरज विभाग, क्रमांक सातशे चार."

आई पदराला हात पुसत उभी राहिली. तिने रात्रभर विचार केला होता. साबण विकू देत, नाहीतर आणखी काही. आप्पा पुन्हा पाटीवर लिहीत बसलेले तिला बघवणार नव्हते, आणि याचा कुणाला राग आला तर येऊ दे. तिने सेवकाला करार दाखवायला सांगितला. सेवकाच्या छातीवरच्या पडद्यावर अंगठ्याची जागा उजळली.

त्रिशला दारापर्यंत धावत आली. ती आईचा हात धरणार होती, पण तिच्या डोक्यात भलतंच काहीतरी अडकलं होतं. तिने सेवकाला विचारलं, "तुझी पाटी झाकली आहे. मग तुला तुझा क्रमांक कसा माहीत?"

"पाटीवरचा क्रमांक आपल्यासाठी असतो," सेवक नम्रपणे म्हणाला. "माझा क्रमांक मला घडवतानाच माझ्या आत नोंदवला आहे. कुणीही विचारलं की मी सांगतो. यंत्राचा कुठलाही भाग स्वतःचा क्रमांक सांगतो."

"कुठलाही?"

"विचारायची रीत माहीत हवी."

त्रिशला जी आत पळाली ती थेट खुर्चीवरच. आपण मूर्खासारखे पत्र्यावर शोधत बसलो, कार्डालाच विचारलं नाही. संगणक सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टीम दारात येणाऱ्या प्रत्येक भागाला हेच तर विचारत असणार, तू कोण? आणि अंगण मोकळी होती, तिच्यात काय चाललंय ते बघता यायचं. तिने अंगणच्या मदतीच्या पानांवर शोधलं, जोडलेल्या सगळ्या भागांची ओळख दाखवणारी आज्ञा सापडली, ती टाइप केली. पडद्यावर ओळी आल्या. त्यांतल्या एका ओळीत होतं, ध्वनी, अनोळखी, आणि पुढे क्रमांक. वरून कितीही कोरलं तरी आतला क्रमांक जसाच्या तसा होता.

आप्पांनी ते पाहिलं आणि ते ताडकन ताठ बसले. तो क्रमांक अंगणच्या एका ड्रायव्हरला माहीत असलेल्या कार्डाच्या क्रमांकासारखाच होता, फक्त शेवटचा आकडा वेगळा. म्हणजे हे त्याच्याच पाठचं भावंड. ड्रायव्हरचा सोर्स कोड उघडा होता. आपण कुणाकुणाशी बोलू शकतो ते त्यात ओळीओळीने लिहिलेलं होतं. आप्पांनी त्या ओळींखाली बोट ठेवलं. त्रिशलाने तिथे एक नवी ओळ लिहिली, त्यात आपल्या कार्डाचा क्रमांक घातला, आणि अंगणला ड्रायव्हर पुन्हा तयार करायला सांगितलं. कुलूपबंद सर्वसाथीत अशी ओळ तिला दिसलीसुद्धा नसती, लिहिणं तर दूरच.

बाहेर सेवक तिसऱ्यांदा सांगत होता की अंगठा जरा दाबून ठेवावा. आईने अंगठा पडद्याजवळ नेला.

"थांब, सुजाता."

घोगरा आवाज, मोठा आणि स्पष्ट. आईचा हात हवेत राहिला.

"अंगठा द्यायचा नाही की," आप्पांचा आवाज आतल्या खोलीतून म्हणाला. "कोठीवर आता आपलं माणूस बसलंय."

आईने हात खाली घेतला आणि दाराच्या चौकटीला टेकून ती आधी हसली आणि मग रडली. सेवकाने विचारलं, मग आपली गैरसोय होणार नाही ना? आई डोळे पुसत म्हणाली, "जा बाबा आता तू. आम्हाला कुणाची परवानगी नको." सेवक वाकला आणि तीन चाकांवर वळून निघून गेला.

पाडव्याच्या सकाळी गल्लीतले किती तरी चांगले संगणक मुके झाले. मगदुमांच्या घरात मात्र गुढी उभारताना आप्पा आतून एकेक सूचना करत होते, काठी तिरकी आहे, गाठी खाली घे, आणि आई म्हणत होती, आप्पा, आता जरा गप्प बसा की. मग दुपारी अंगण कायमची बसवली. त्यानंतर शेजारपाजारचे आपापल्या पेट्या घेऊन यायला लागले. ज्याला कामासाठी सर्वसाथीच हवी होती त्याला त्रिशला तीच घ्यायला सांगायची, पण आधी प्रत्येकाला विचारायची, तुमच्या कोठीवर कोण बसलंय माहिती आहे का?

ती एक ओळ त्रिशलाने अंगणच्या लोकांकडेही पाठवली, म्हणजे तसलं कार्ड असणाऱ्या कुणालाही ती आपोआप मिळावी. त्यांनी कळवलं, की जो ओळ लिहितो त्याचं नाव तिथे घालतात, तर काय घालायचं? आप्पांनी यंत्र उचलून दाखवलं आणि दोघंही हसली. ताटावर घालतात तसंच तिने घातलं, 'त्रिशला मगदूम, मिरज. पाडवा.' महिन्याभराने चिलीतल्या एका बाईचं उत्तर आलं. तिच्या वडिलांच्या जुन्या संगणकातून गाणी ऐकू येईनाशी झाली होती, ती परवापासून वाजू लागली. मिरज कुठे आहे, असं तिने विचारलं होतं.

आणि त्यानंतर काही दिवसांनी घडलेली ही गोष्ट. संध्याकाळी दारावर टकटक झाली. सेवक क्रमांक सातशे चार पायरीखाली उभा होता, सर्कशीच्या जाहिराती अजून पाठीवर तशाच. या वेळी त्याच्या पडद्यावर करार नव्हता. त्याने नेहमीसारखं वाकून विचारलं, "माझ्या आत कोठीवर कोण बसतं, हे मला पाहता येईल का?"

मग आतून कळफलकाची टकटक ऐकू आली आणि पाठोपाठ तो घोगरा आवाज.

"आत ये की. दारात किती दिवस उभा राहणार?"

त्रिशला स्क्रूड्रायव्हर शोधायला पळाली.